गिरणीच्या धुळीतून विद्यापीठात : व्यवसाय-आरोग्यशास्त्राची वाटचाल

माणूस जे काम करतो आणि ज्या हवापाण्यात राहतो, त्याचा त्याच्या शरीरावर होणारा परिणाम हा आज विद्यापीठात शिकवला जाणारा स्वतंत्र विषय आहे. विषशास्त्र, रोगपरिस्थितिविज्ञान, धूळ आणि आवाज यांचे मोजमाप, यंत्ररचना, कामगार कायदा असे अनेक धागे त्यात एकत्र येतात. वैद्यकाच्या बहुतेक शाखा रुग्णालयात किंवा प्रयोगशाळेत जन्मल्या. हा विषय मात्र खाणीत, भट्टीशेजारी आणि गिरणीच्या खात्यात जन्मला. आधी कामगार आजारी पडले, मग त्यांनी तक्रार केली, तक्रारीतून कायदा आला, कायद्याला मोजमाप लागले म्हणून प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आणि सर्वांत शेवटी अभ्यासक्रम तयार झाला. मुंबईच्या कापड गिरण्यांच्या इतिहासात हा क्रम फार स्पष्ट दिसतो.

युरोपातील पाया

खाणकामगारांच्या दम्याविषयी युरोपात सोळाव्या शतकातच लिहिले गेले होते. जॉर्जियस ॲग्रिकोला यांचा खाणकामावरील ग्रंथ १५५६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, प्रसिद्ध झाला. कार्पेथियन डोंगरातील खाणींच्या परिसरात एकेका स्त्रीवर सात-सात वेळा लग्न करण्याची पाळी आली, इतक्या लवकर तिथले पुरुष मरत, अशी नोंद त्यात आहे. पॅरासेल्सस यांचे खाणकामगारांच्या रोगांवरील लेखन १५६७ मध्ये छापले गेले.

या विखुरलेल्या नोंदींचे शास्त्र केले ते बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने. ते मोदेना येथे प्राध्यापक होते. एकदा त्यांच्या घरचा शौचकूप उपसायला आलेला मजूर जिवाच्या आकांताने घाई करताना त्यांना दिसला. एवढी घाई कशासाठी, असे त्यांनी विचारले. या खड्ड्यात चार तासांहून जास्त राहिले तर डोळे जातात, असे त्याने सांगितले. मजूर बाहेर आल्यावर रामाझ्झिनींनी त्याचे डोळे तपासले, तर ते लाल आणि निस्तेज झालेले होते. त्यानंतर त्यांनी गावातील इतर धंद्यांकडे लक्ष वळवले. कुंभार, आरसे करणारे, रंगारी, धोबी, सुईणी, लेखनिक अशा लोकांच्या कामाच्या जागी जाऊन त्यांनी निरीक्षणे केली. १७०० मध्ये त्यांचा कारागिरांच्या रोगांवरील ग्रंथ मोदेनात प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ते पादुआ विद्यापीठात गेले. वाढवलेली दुसरी आवृत्ती १७१३ मध्ये निघाली. वैद्याने रुग्णाला विचारायच्या ठरलेल्या प्रश्नांत ‘तुझा धंदा काय?’ या प्रश्नाची भर घालावी, हा त्यांचा आग्रह होता.

पुढच्या शतकात लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या वृषणकोशाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. वर्ष होते १७७५. लहानपणी धुराड्यात चढवलेल्या मुलांना हा रोग पुढे मोठेपणी होई. कारण आणि रोग यांत अनेक वर्षांचे अंतर असू शकते, ही या शास्त्रातील सर्वांत अवघड गोष्ट तेव्हाच समोर आली. औद्योगिक क्रांतीच्या काळात लीड्सच्या चार्ल्स टर्नर थॅकरा यांनी १८३१ मध्ये तिथल्या धंद्यांतील आजारांवर पुस्तक लिहिले. ब्रिटनने १८९८ मध्ये थॉमस लेग यांना कारखान्यांचे पहिले वैद्यकीय निरीक्षक नेमले. मालकाने करता येण्यासारखे सर्व काही केल्याशिवाय कामगाराला स्वतःच्या बचावासाठी फारसे काही करता येत नाही, हे लेग यांनी अनुभवातून मांडलेले तत्त्व. पांढऱ्या शिशाच्या रंगावर निर्बंध घालणारा आंतरराष्ट्रीय करार मान्य करायला ब्रिटिश सरकारने नकार दिला, तेव्हा १९२६ मध्ये त्यांनी पदाचा राजीनामा दिला.

विद्यापीठात या विषयाला जागा मिळायला विसावे शतक उजाडले. लुइजी देव्होतो यांच्या प्रयत्नाने १९१० मध्ये मिलानमध्ये व्यवसायजन्य रोगांसाठी खास रुग्णालय सुरू झाले. त्याच वर्षी अमेरिकेत डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी इलिनॉय राज्यासाठी शिशाच्या विषबाधेची पाहणी हाती घेतली. कारखान्यांतून माहिती मिळेना, म्हणून त्या कामगारांच्या घरी, औषधांच्या दुकानांत आणि धर्मगुरूंकडे चौकशी करत फिरल्या आणि एकेक रुग्ण शोधून काढला. १९१९ मध्ये हार्वर्डने त्यांना औद्योगिक वैद्यकाच्या सहायक प्राध्यापक म्हणून बोलावले, कारण या विषयात त्यांच्या तोडीचे दुसरे कोणी नव्हते. हार्वर्डच्या अध्यापकवर्गातील त्या पहिल्या स्त्री. पण प्राध्यापकांच्या क्लबात जायचे नाही, पदवीदानाच्या मिरवणुकीत चालायचे नाही, अशा अटी त्यांच्यावर होत्या. १९३५ मध्ये त्या निवृत्त झाल्या, तरी त्यांना बढती मिळाली नव्हती.

गिरण्या, अर्ज आणि पहिले कायदे

मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची उभारणी हाती घेतली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिचे उत्पादन सुरू झाले. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत परळ, लालबाग, शिवडी, वरळी हा सारा भाग गिरणगाव झाला. कोकण आणि घाटावरून आलेली माणसे दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत खात्यात राबत. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला बंदी केली, सात ते बारा वयाच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली आणि धोकादायक यंत्रांना कुंपण घालायला सांगितले. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या तासांबद्दल त्यात काहीच नव्हते, आणि शंभरांहून कमी माणसे असलेल्या कारखान्यांना तो लागूही नव्हता.

नारायण मेघाजी लोखंडे यांचे काम इथे महत्त्वाचे ठरते. ‘दीनबंधु’चे संपादक असलेल्या लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या वतीने सरकारकडे अर्ज केला. रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्या सर्वांना ठाऊक आहेत. त्याच अर्जात आणखी एक मागणी होती : कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. कामामुळे आलेल्या शारीरिक हानीची जबाबदारी कामावर आहे, हा या शास्त्राचा गाभा परळच्या कामगारांनी तेव्हाच मांडला. नुकसानभरपाईचा कायदा येण्यासाठी १९२३ साल उजाडावे लागले. रविवारची सुट्टी मात्र १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी मान्य केली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. मांडवी भागात तो पहिल्यांदा ओळखणारे डॉ. अकासिओ व्हिएगस हे मूळचे गोव्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली. प्लेगग्रस्तांची सेवा करता करता ९ फेब्रुवारी १८९७ रोजी लोखंडे त्याच रोगाने गेले. घर, नाली, दाटी आणि उजेड यांचा रोगाशी असलेला संबंध या साथीमुळे शहराच्या कारभाराचा विषय झाला आणि १८९८ मध्ये मुंबई सुधारणा न्यास स्थापन झाला. पण घराबाहेरच्या आणि घरातल्या हवेकडे वळलेले हे लक्ष गिरणीच्या आतल्या हवेपर्यंत पोहोचले नाही. राहण्याच्या जागेचे आरोग्य नगरपालिकेकडे आणि कामाच्या जागेचे आरोग्य कारखाना निरीक्षकाकडे, अशी वाटणी तेव्हापासून पडली.

१९०८ च्या कारखाना कामगार आयोगात डॉ. टी. एम. नायर या मद्रासच्या वैद्याने भिन्नमतपत्रिका जोडली आणि प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांवरही थेट मर्यादा हवी, असा आग्रह धरला. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा आली. पुढे १९२२ मध्ये आठवड्याला साठ तास आणि १९४६ मध्ये अठ्ठेचाळीस तास असा हा आकडा खाली येत गेला.

पाहणीची सुरुवात

मुंबई सरकारने १९२१ मध्ये कामगार कार्यालय सुरू केले आणि ‘लेबर गॅझेट’ हे मासिक काढले. त्यात १९२२ मध्ये डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांचा गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाळंतपणावरील अहवाल प्रसिद्ध झाला. बार्न्स चाळीत गेल्या, एका खोलीत राहणारी कुटुंबे पाहिली आणि आई गिरणीत असताना तान्ही मुले शांत पडून राहावीत म्हणून त्यांना अफूची गोळी देण्याची सर्रास चाल असल्याचे नोंदवले. आईच्या कामाचे तास आणि बाळाचा मृत्यू यांची सांगड घालणारी ही पाहणी म्हणजे व्यवसाय-आरोग्य आणि पर्यावरणीय आरोग्य यांचा एकत्र अभ्यासच होता. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिभत्त्याच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला.

१९२९ ते १९३१ या काळात व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही कामगार आयोगाने देशभर साक्षी घेतल्या. ना. म. जोशी त्याचे सदस्य होते. १९३२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने कलकत्त्यात अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक स्वास्थ्य संस्था उभी राहिली. औद्योगिक आरोग्याची पदविका पुढे याच संस्थेत सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. प्रा. बी. पी. अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल १९४४ मध्ये सरकारला दिला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. १९४६ च्या भोर समितीने प्रत्येक डॉक्टरला प्रतिबंधात्मक आणि सामाजिक वैद्यकाचे शिक्षण मिळावे, असे सांगितले. वैद्यकीय महाविद्यालयांत विद्यार्थी ज्याला ‘पीएसएम’ म्हणतात, तो विषय असा आला आणि व्यवसायजन्य रोग त्यातील एक प्रकरण म्हणून शिकवले जाऊ लागले.

सोमवारचा दम

कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा रोग या सगळ्या व्यवस्थेची कसोटी होता. गिरणीत कापसाच्या गाठी फुटतात त्या ब्लो रूममध्ये आणि तंतू विंचरले जातात त्या कार्डिंग खात्यात सर्वांत जास्त धूळ असते. या धुळीत कापसाच्या बोंडाच्या पाल्याचे बारीक कण आणि त्यांवरील जिवाणूंची विषारी द्रव्ये असतात. ती श्वासनलिका आवळतात. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेलेल्या माणसाची छाती काही तासांतच भरून येते, श्वास पुरेसा आत जात नाही. दुसऱ्या दिवशी त्रास कमी होतो. काही वर्षांनी तो दोन-तीन दिवस टिकतो, मग आठवडाभर राहतो आणि शेवटी काम सोडल्यावरही जात नाही.

ब्रिटनमध्ये रिचर्ड शिलिंग यांनी लँकेशायरच्या गिरण्यांचा अभ्यास करून १९५० च्या दशकात या रोगाच्या पायऱ्या ठरवल्या. रोग ओळखायचा तो कामगाराला नीट प्रश्न विचारून आणि पाळी सुरू होण्यापूर्वी व काही तासांनी फुंकर-चाचणी घेऊन. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा पाळीच्या अखेरीस घटली, की ती खूण. क्ष-किरण चित्रात या रोगाचे स्वतःचे असे काहीच दिसत नाही. त्यामुळे दवाखान्यात चित्र पाहून निदान करणाऱ्या डॉक्टरच्या नजरेतून तो सुटतो आणि क्षय किंवा विडी यांच्या नावावर जातो. आठवड्याची सुट्टी नसती तर सोमवारची ही खूणही दिसली नसती. लोखंडे यांनी विश्रांतीसाठी मिळवलेल्या रविवारने नकळत निदानाचे साधनही दिले.

गिरणगावाच्या मधोमध, परळला, १९२६ पासून सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय आणि के. ई. एम. रुग्णालय आहे. तिथे डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात गिरणी कामगारांतील बिसिनोसिसचा अभ्यास केला. त्याच गटाने पुढे मुंबईतील निरनिराळ्या प्रदूषणाच्या वस्त्या आणि शहराबाहेरची खेडी यांतील लोकांच्या फुप्फुसांची तुलना केली. कारखान्याच्या आतल्या हवेपासून बाहेरच्या हवेपर्यंत एकाच पद्धतीने जाता येते, हे त्यांच्या कामातून दिसले. ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’मध्ये १९९५ साली मुंबईच्या एका गिरणीतील बिसिनोसिसवर शोधनिबंध आला, तोवर मुंबईत कापड गिरणी सुरू होऊन जवळजवळ एकशेचाळीस वर्षे होत आली होती.

या अभ्यासात एक मोठी अडचण होती. ज्याला जास्त दम लागतो तो काम सोडून गावी जातो आणि पाहणीच्या दिवशी खात्यात उभे असतात ते तुलनेने धडधाकट. त्यामुळे रोग आहे त्याहून कमी दिसतो. रोगपरिस्थितिविज्ञानाच्या वर्गात ‘निरोगी कामगार परिणाम’ म्हणून शिकवली जाणारी ही गोष्ट गिरणगावात रत्नागिरी, सातारा आणि सिंधुदुर्गाच्या एसटीत बसून घडत होती. जानेवारी १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्या बंद पडत गेल्या, माणसे पांगली आणि त्यांच्या छातीतल्या आजाराची नोंद करण्याची शक्यताही त्यांच्याबरोबर गेली.

चार घरे

स्वातंत्र्यानंतर या विषयासाठी चांगल्या संस्था उभ्या राहिल्या. शीव येथे केंद्रीय श्रम संस्था १९५९ मध्ये सुरू झाली. तिथे औद्योगिक स्वास्थ्याची प्रयोगशाळा आणि सुरक्षिततेचे संग्रहालय आहे, आणि सुरक्षा अधिकाऱ्यांसाठी एक वर्षाची पदविका व कारखान्यातील डॉक्टरांसाठी तीन महिन्यांचा अभ्यासक्रम चालतो. नागपूरला १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संस्था निघाली. स्टॉकहोमच्या पर्यावरण परिषदेनंतर, १९७४ मध्ये, तिचे नाव ‘नीरी’ झाले. लखनौला १९६५ मध्ये औद्योगिक विषशास्त्राचे केंद्र आले. अहमदाबादला बी. जे. मेडिकल कॉलेजात १९६६ मध्ये सुरू झालेली संशोधन संस्था १९७० पासून राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था म्हणून ओळखली जाते. कामगारांच्या सामाजिक स्थितीचा अभ्यास मुंबईतच १९३६ पासून टाटांच्या समाजकार्य शाळेत, म्हणजे पुढच्या ‘टिस’मध्ये, होत होता.

पण विषयाची वाटणी झाली ती झालीच. रोग वैद्यकीय महाविद्यालयात, पाणी आणि धूर अभियांत्रिकीत, यंत्राचा धोका कारखाना निरीक्षकाकडे आणि कामगाराचे घर समाजशास्त्रज्ञाकडे. अशी चार घरे झाली.

ही वाटणी किती महाग पडते ते २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळला दिसले. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेला मिथिल आयसोसायनेट वायू कुंपणापाशी थांबला नाही. कामगाराच्या आरोग्याचा प्रश्न आणि शेजारच्या वस्तीचा प्रश्न एकच आहे, हे हजारो मृत्यूंनी सिद्ध केले. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ मध्ये कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण घातले गेले. कोणते रसायन हवेत किती चालेल याच्या मर्यादा, कामगारांच्या वैद्यकीय नोंदी आणि धोक्याची माहिती मिळण्याचा हक्क त्यात आला. ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग ठरवला आणि आरोग्यनोंदी चाळीस वर्षे जपण्याचा आदेश दिला. धूळ श्वासात जाणे आणि रोग दिसणे यांत दशके लोटतात, हे शास्त्र त्या आदेशामागे होते.

शिक्षणातही न्यायालयानेच पाऊल टाकले. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा सक्तीचा विषय करण्यास सांगितले. त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला, आणि त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातील डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले. भरुचा व्यवसायाने शल्यविशारद.

वर्गात काय शिकवतात

आजचा पदव्युत्तर विद्यार्थी कामगाराच्या पट्ट्याला छोटा पंप आणि कॉलरला गाळणी लावून तो खरोखर श्वासात घेतो ती हवा मोजायला शिकतो. रोग्यांची गणना, विषाची मात्रा, कामाच्या हालचालींनी सांध्यांवर येणारा ताण आणि उष्णतेचा परिणाम हे त्याचे विषय असतात. सर्वांत महत्त्वाचा धडा उपायांच्या क्रमाचा. आधी घातक पदार्थच काढून टाकायचा, ते जमत नसेल तर कमी घातक वापरायचा, मग यंत्र बंदिस्त करायचे आणि धूळ उगमापाशी खेचून घ्यायची, त्यानंतर कामाची वेळ व पाळी बदलायची. तोंडावरचा मास्क सर्वांत शेवटी येतो. लेग यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडलेले तत्त्वच आता अभ्यासक्रमाचा कणा झाले आहे. प्रत्यक्षात मात्र अनेक मालक मास्कपासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात.

या शास्त्राची मोठी उणीव त्याच्या जन्मखुणेत आहे. ते कारखान्याच्या दारात वाढले, म्हणून दार नसलेल्या कामाकडे त्याचे लक्ष उशिरा गेले. भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांवर तीच कापसाची धूळ आहे, पण विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा माणसे असली तरच १९४८ चा कारखाना कायदा लागू होई. संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही मर्यादा वीसवर नेली. बीडच्या ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचे उघड झाल्यावर राज्य सरकारने २०१९ मध्ये समिती नेमली. मुकादमाची उचल, खाडा झाला तर बसणारा दंड आणि फडात आडोशाची सोय नसणे या गोष्टी त्या शस्त्रक्रियांमागे होत्या, आणि त्या कोणत्याही क्ष-किरण चित्रात दिसत नाहीत.

महाराष्ट्रात या विषयाच्या चारही घरांना पुरेशी माणसे, प्रयोगशाळा आणि शंभर वर्षांचा अनुभव आहे. त्यांना एका अभ्यासक्रमात आणून विद्यार्थ्यांना ऊसाच्या फडात, यंत्रमागाच्या शेडमध्ये आणि बांधकामावर पाठवणे हे विद्यापीठांचे राहिलेले काम आहे. देशातील बहुसंख्य कामगार आज कारखान्याच्या व्याख्येबाहेर राबतात, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही तोवर हे शास्त्र अपुरेच राहील.